आवाज थांबले, तरी पोरगा पारावर येत नाही

यवतमाळकडच्या खेड्यांत हे चित्र नवं नाही. विशीतला पोरगा एकाएकी बदलतो. त्याच्या कानात आवाज येतात, रात्री-बेरात्री तो धुऱ्यावर फिरतो. घरचे आधी 'बाहेरचं' म्हणून उतारे करतात आणि मग जिल्ह्याच्या दवाखान्यात नेतात. गोळ्यांनी आवाज थांबतात, झोप लागते. पण पोळ्याला सारं गाव तोरणाजवळ जमलं तरी हा घरातच. सोबत्यांनी हाक मारली तरी उठत नाही. लोक म्हणतात, "बरा झाला ना? मग आता कायचा आजार? आळस आहे निव्वळ."

आळस नाही तो. हा स्किझोफ्रेनिया नावाचा मनाचा आजार. माणसांतून मन उठणं हाही त्याच आजाराचा भाग, आणि याचा अंदाज उंदरांवरच्या प्रयोगांतूनही येतो.

उंदराला आवाज ऐकू येतात का, हे विचारायची सोय नाही. त्याला सोबत हवीशी वाटते का, हे मात्र मोजता येतं. तीन कप्प्यांची पेटी घेतात. एका टोकाला जाळीच्या आड अनोळखी उंदीर, दुसऱ्या टोकाला तशीच रिकामी जाळी. मधल्या कप्प्यात सोडलेला निरोगी उंदीर थोडा बिचकतो, मग जाळीला नाक लावून त्या पाहुण्याला हुंगत राहतो. तो कुठे किती वेळ रेंगाळला, ते सेकंदांत नोंदवतात.

१९९३ साली अमेरिकेत बार्बरा लिप्स्का, डॅनियल वाइनबर्गर आणि सहकाऱ्यांनी उंदराच्या सात दिवसांच्या पिल्लांच्या मेंदूत, हिप्पोकॅम्पस या भागाला, बारीकशी इजा केली. पस्तिसाव्या दिवशी ही पिल्लं धावण्या-फिरण्यात इतरांसारखीच होती. छप्पन्नाव्या दिवशी, म्हणजे वयात आल्यावर, जरा ताण आला की ती सैरावैरा पळू लागली. घाव बाळपणीचा, आजार तरुणपणी. माणसातही हा आजार बहुधा याच वयात डोकं वर काढतो.

पुढच्या अभ्यासांत दिसलं की असे उंदीर सोबत्यांपासूनही दूर राहतात, आणि ते तर लहानपणापासूनच. २००४ मधल्या एका प्रयोगात त्यांना रिस्पेरिडोन आणि क्लोझापिन ही याच आजारावरची औषधं दिली. धावाधाव कमी झाली, तुटकपणा मात्र तसाच राहिला. मला हा निष्कर्ष फार मोलाचा वाटतो. गावात दिसतं, तेच पिंजऱ्यातही दिसलं.

मेंदूला इजा न करताही असं होऊ शकतं. २०१२ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात छापून आलेल्या प्रयोगात, आईचं दूध सुटल्यावर एकविसाव्या दिवसापासून दोन आठवडे पिल्लांना एकेकटं ठेवलं. त्यांच्या मेंदूच्या पुढच्या भागात मज्जातंतूंवरचं मायलिनचं वेष्टण पातळ राहिलं. नंतर सोबती दिले तरी त्यांचं वागणं सुधारलं नाही. पस्तिसाव्या दिवसानंतर एकटं ठेवलेल्यांत मात्र हा बिघाड आढळला नाही.

उंदराचे दिवस माणसाच्या वर्षांत बदलून हिशेब लावू नये. आणि 'आईनं लक्ष दिलं नाही' असा अर्थ तर मुळीच काढू नये. माणसात आनुवंशिकता, गरोदरपणातला संसर्ग, बाळंतपणातली गुंतागुंत असं बरंच काही एकत्र येतं.

तुटकपणा गेला नाही म्हणून घरच्यांनी गोळ्या बंद केल्या, तर आवाज परत येऊ शकतात. पुढच्या खेपेला डॉक्टरांना आवाजांबद्दल सांगाल, तसंच हेही सांगा की पोरगा कुणाशी बोलत नाही, घराबाहेर पडत नाही. जिल्ह्याला जाणं जमत नसेल तर 'टेली मानस' या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास फुकट बोलता येतं, मराठीतूनही.