हात लावू द्या

‘कृपया वस्तूंना हात लावू नये.’ दुकानात ही पाटी दिसली की मला वाईट वाटतं. लावणाऱ्याची अडचण खरी असते. माल मळतो, घड्या विस्कटतात, एखादा नग फुटतो. पण असा दुकानदार पुष्कळदा हेही म्हणतो, की लोक येतात, बघतात आणि निघून जातात. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे आणि तो शोधायला आपल्या बोटांपासून सुरुवात करावी लागते.

एका हाताच्या तळव्याकडच्या त्वचेत, बोटांसकट, स्पर्श टिपणारे सुमारे १७,००० चेतातंतू येऊन संपतात. सगळ्यांचं काम सारखं नसतं. मर्केल पेशींशी जोडलेले तंतू दाब टिकून असेपर्यंत संदेश पाठवत राहतात. मेइस्नर कणिका, म्हणजे तंतूंच्या टोकांची एक प्रकारची सूक्ष्म बोंडं, वस्तू निसटू लागली की लगेच जाग्या होतात. पॅसिनी कणिका कांद्यासारख्या पापुद्र्यांच्या असतात आणि सेकंदाला दोन-तीनशे वेळा होणारी बारीक कंपनं त्या सर्वांत चांगली टिपतात. कापडावर बोट नुसतं टेकवलं तर त्याचा बारीक पोत कळत नाही. बोट फिरवलं की त्वचा थरथरते आणि ती थरथर मेंदूपर्यंत पोहोचते. म्हणून तर आपण कापड चिमटीत धरून चोळून बघतो.

रॉबर्टा क्लाट्झकी आणि सुसान लेडरमन या संशोधिकांनी १९८५ मध्ये माणसांचे डोळे बांधून त्यांच्या हातात रोजच्या वापरातल्या शंभर वस्तू एकेक करून दिल्या. सुमारे ९६ टक्के उत्तरं बरोबर आली, तीही बहुतेक पाच सेकंदांच्या आत. पुढे १९८७ मध्ये त्यांनी हात नेमके कसे हलतात याचीच नोंद केली. हे काम मला फार आवडतं. पोत हवा असेल तर बोट इकडून तिकडे घासतं. टणकपणा हवा तर दाबतं. गार की कोमट हे बघायचं तर नुसतं टेकून राहतं. वजनासाठी हात वस्तू उचलून अधांतरी तोलतो, आकारमानासाठी तिला मुठीत घेतो आणि नेमका आकार हवा तर बोट कडेकडेनं फिरतं. प्रत्येक प्रश्नाची हालचाल वेगळी.

दुकानदाराला यातून केवढी माहिती मिळते! बॅग बघणाऱ्या गिऱ्हाइकाचे हात बघा. एकानं ती पट्ट्याला धरून दोनदा खाली-वर केली: त्याला ओझं किती होईल ते हवं आहे. दुसरीनं पट्टा जिथे शिवलाय तिथे अंगठा दाबून ताण दिला: तिला शिवण टिकेल का ते हवं आहे. अशा वेळी ‘यात पाच रंग आहेत’ असं सांगणं म्हणजे न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देणं. शिवणीवर अंगठा दिसला की शिवणीबद्दलच बोलावं.

बोटं डोळ्यांची चूकही पकडतात. धातूचा मुलामा दिलेलं प्लॅस्टिक डोळ्यांना फसवतं, पण खरा धातू बोटातली उष्णता झपाट्यानं ओढून घेतो म्हणून गार लागतो आणि प्लॅस्टिक तसं लागत नाही. दोघांचं तापमान मात्र तेच असतं! चांगला माल ठेवणाऱ्यानं तो काचेआड ठेवला, तर त्याची बाजू मांडणारा सर्वांत भरवशाचा साक्षीदारच तो गमावतो.

आता हातातून मनाकडे. १९९० मध्ये डॅनियल कानमन, जॅक नेच आणि रिचर्ड थेलर या संशोधकांनी विद्यार्थ्यांच्या एका गटातल्या निम्म्यांना कॉफीचे मग वाटले आणि खरेदी-विक्रीची मुभा दिली. हे मग कुणाला मिळाले हा निव्वळ योगायोग होता, तेव्हा साधारण निम्मे हात बदलतील अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात फारच थोडे विकले गेले, कारण मग मिळालेले विद्यार्थी इतरांच्या साधारण दुप्पट किंमत मागत होते. आपली झालेली वस्तू सोडताना तोटा वाटतो, आणि तोटा तेवढ्याच फायद्यापेक्षा मनाला जास्त लागतो. २००९ मध्ये जोॲन पेक आणि सुझॅन शू या संशोधिकांनी दाखवलं की हे ‘माझेपण’ यायला मालकी लागत नाही, नुसता स्पर्शही पुरतो. अट एकच, स्पर्श नकोसा नसावा. खरखरीत, चिकट वस्तू हातात देऊन उपयोग नाही.

हा परिणाम इतका खरा आहे की २००३ मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय राज्याच्या ॲटर्नी जनरलच्या (राज्याच्या मुख्य कायदा अधिकाऱ्याच्या) कार्यालयानं सणाच्या खरेदीआधी लोकांना सावध केलं होतं: वस्तू हातात देऊन ‘ही तुमचीच आहे असं समजा’ म्हणणाऱ्या विक्रेत्यांपासून जपा. मलाही ते पटतं. हातात देणं म्हणजे गळ्यात मारणं नव्हे.

ग्राहकाचं मन ओळखण्याच्या या क्षेत्रात भंपकपणाही भरपूर आहे. १९५७ मध्ये जेम्स व्हिकरी या जाहिरातवाल्यानं दावा केला, की सिनेमाच्या पडद्यावर न दिसण्याइतका क्षणभर संदेश झळकवला आणि विक्री वाढली. जगभर खळबळ उडाली. १९६२ मध्ये त्यानंच कबूल केलं, की प्रयोगात दम नव्हता. तरी ‘ग्राहकाच्या मेंदूचं गुपित बटण’ विकणारे अजून भेटतात. त्यांना पैसे देऊ नका.

आणखी एक प्रयोग दुकानदारानं जरूर लक्षात ठेवावा. अर्थतज्ज्ञ जॉन लिस्ट यांनी २००३ मध्ये खेळाडूंच्या स्मरणवस्तूंच्या बाजारात लोकांना एक वस्तू देऊन ती दुसरीशी बदलायची मुभा दिली. सामान्य लोक मिळालेल्या वस्तूला चिकटून राहिले. मुरलेल्या व्यापाऱ्यांपैकी जवळपास निम्म्यांनी ती सहज बदलली. रोज माल हाताळणाऱ्याला हातातल्या वस्तूची ओढ उरत नाही, म्हणून काउंटरच्या आतून हे सगळं दिसत नाही. प्रत्येक मालाचा एक नग नमुना म्हणून बाहेर काढा, तो मळणार हे धरूनच चाला, बाकीचे पाकिटात राहू द्या. आणि कुणी बघायला मागितलं तर तो काउंटरवर ठेवू नका, हातात द्या.