दारू सोडणाऱ्यांचा ग्रुप : पाटी नसलेल्या दारामागचा इतिहास

'आमच्या भागात असा एखादा ग्रुप आहे का हो?' हा प्रश्न विचारणारी बहुतेक वेळा बायको असते, नाहीतर बहीण. ग्रुप कदाचित चार गल्ल्या सोडून भरतही असतो. पण बाहेर मोठी पाटी नसते, हजेरीचा कागद नसतो, आडनाव कुणी विचारत नाही. मग तो सापडायचा कसा? आणि हे सगळं इतकं गुपचूप का? यासाठी बरंच मागे जावं लागतं.

1935 चा मे महिना, अमेरिकेतलं ॲक्रन शहर. न्यूयॉर्कचा शेअर बाजारातला माणूस बिल विल्सन कामासाठी तिथे आला होता आणि ते काम फिसकटलं होतं. दारू सोडून त्याला जेमतेम पाच महिने झाले होते. हॉटेलच्या लॉबीतून बारमधले आवाज ऐकू येत होते. त्याने बारकडे न जाता फोन गाठला आणि चर्चच्या यादीवरून एकेक नंबर फिरवत राहिला. मागणं एकच होतं, दारूने गांजलेल्या कुणाशी तरी मला बोलू द्या. अखेर गाठ पडली डॉ. बॉब स्मिथ या सर्जनशी. पंधरा मिनिटांच्या बोलीवर आलेले डॉक्टर रात्री उशिरापर्यंत बसले. उपदेश त्यांनी आयुष्यभर ऐकला होता. समोरचा माणूस मात्र स्वतःच्या पिण्याबद्दल बोलत होता. त्यानंतरही ते एकदा घसरलेच. मग शस्त्रक्रियेआधी हात थरथरू नयेत म्हणून घेतलेली बिअर, हा त्यांचा शेवटचा घोट. तारीख 10 जून 1935. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे एए ही दारू सोडू पाहणाऱ्यांची संघटना, हाच आपला जन्मदिवस मानते.

नाव न सांगण्याची रीत तिथूनच आली. नोकरी जाईल, मुलीचं लग्न मोडेल, ही भीती तेव्हाही होती आणि आजही आहे. असं प्रसिद्धीपासून लांब राहण्याचं दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. 1840 मध्ये अमेरिकेतल्या बाल्टिमोरमध्ये सहा पिणाऱ्यांनी मिळून अशीच एक चळवळ सुरू केली होती. लाखोंनी शपथा घेतल्या. पुढे ती राजकारणात आणि दारूबंदीच्या वादात ओढली गेली आणि काही वर्षांत विरून गेली. एएने 1950 मध्ये स्वीकारलेल्या बारा परंपरांमध्ये म्हणूनच स्पष्ट आहे : बाहेरच्या वादात मत द्यायचं नाही, बाहेरची देणगी घ्यायची नाही, खर्च सभासदांनीच भागवायचा. 1951 मध्ये घरच्यांसाठी अल-अनॉन उभी राहिली. तिच्या संस्थापकांमध्ये बिलची पत्नी लोइस होती.

भारतात एएची सुरुवात 1957 मध्ये मुंबईत झाली. तेव्हा इथे दारूबंदी होती. 1949 च्या कायद्यानं बाटलीवर बंदी आली, हातभट्ट्या मात्र पेटतच राहिल्या. महाराष्ट्राचा दारूशी झगडा दीर्घकाळ या बाटलीभोवतीच फिरला. गडचिरोलीत बायकांनी आणि गावांनी लढून 1993 मध्ये जिल्ह्यात दारूबंदी आणली, पुढे गावोगावी बाटली आडवी करायला, म्हणजे गावातलं दारूचं दुकान बंद करायला, मतदानं झाली. या बायकांबद्दल मला मनापासून आदर आहे. पण दुकान बंद झालं तरी घरात हात थरथरणारा माणूस उरतोच, त्याच्याशी रोज बोलायचं कुणी?

पुण्यात याला उत्तर मिळालं ते थोड्या वेगळ्या वाटेने. लेखक अनिल अवचटांनी गर्दच्या, म्हणजे ब्राउन शुगरच्या, व्यसनावर लेखमाला लिहिली. ती वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी मदतीचा हात पुढे केला आणि 1986 मध्ये येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं. डॉ. अनिता अवचटांनी ते उभं केलं, घडवलं. सुरुवात गर्दपासून झाली, पुढे दारूचे रुग्ण मोठ्या संख्येने येऊ लागले. उपचार संपवून घरी गेलेला माणूस पुन्हा एकटा पडतो, हे तिथे लवकर ओळखलं गेलं. म्हणून पाठपुराव्याच्या बैठका आल्या, बायकांसाठी 'सहचरी' गट आला.

ग्रुप शोधणाऱ्यांना एक गोष्ट आधी सांगायला हवी. रोज भरपूर पिणाऱ्याने घरच्या घरी एकदम दारू तोडू नये. फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जिवावरही बेतू शकतं. पहिले दिवस डॉक्टरांच्या देखरेखीखाली काढायचे. ग्रुप त्याच्या जोडीला आणि त्यानंतरही. पत्ता विचारायचा तोही तिथेच, मनोविकार विभागात किंवा व्यसनमुक्ती केंद्रात. एएच्या शहरवार हेल्पलाइन असतात, त्यावर फोन उचलणारा स्वतः त्यातून गेलेला असतो.

मी एका ओपन मीटिंगला गेले होते. ओपन म्हणजे घरच्यांना आणि इतरांनाही बसता येतं, क्लोज्ड मीटिंग फक्त पिणाऱ्यांची. शाळेचा वर्ग होता. प्राथमिकच्या बाकांवर मोठी माणसं गुडघे दुमडून बसलेली, फळ्यावर पुसायचे राहिलेले पाढे. शेवटच्या बाकावरचा नवा माणूस मान वर करत नव्हता. बोलायची पाळी आली तेव्हा म्हणाला, 'आज नाही पिलो. सकाळपासून.' कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. शेजारच्या काकांनी आपला चहाचा कप त्याच्याकडे सरकवला आणि हळूच विचारलं, 'उद्या येताय ना? मी साडेसहाला फाटकापाशी थांबतो.'