खाल्लेलं अंगाला लागतं, ते कसं?

कोल्हापुरात गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर म्हैस समोर पिळतात आणि फेसाळ, कोमट दुधाचा पेला थेट हातात येतो. तालमीतल्या पोरानं तो एका दमात रिकामा केला की शेजारचं एखादं म्हातारं माणूस म्हणतं, "अंगाला लागू दे रं." हे लागणं नेमकं कसं होतं, ते कळायला जवळपास दोनशे वर्षं गेली.

अन्न आणि आग यांचं नातं आपल्याला जुनंच ठाऊक. आयुर्वेदानं त्याला जाठराग्नी म्हटलं. भूक लागली की पोटात आग पडली असं आपण आजही म्हणतो. ही आग मोजली फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिएनं. १७८२-८३च्या हिवाळ्यात त्यानं आणि गणितज्ञ लाप्लासनं एका गिनीपिगला बर्फानं वेढलेल्या भांड्यात ठेवलं. किती बर्फ वितळला ते पाहिलं आणि प्राण्याच्या उच्छ्वासातल्या वायूशी त्याचा हिशेब जुळवला. श्वसन म्हणजे संथ ज्वलन, असा निष्कर्ष निघाला. पुढे सेगँ या सहकाऱ्यावर केलेल्या प्रयोगांत, अंगमेहनत करताना प्राणवायू जास्त लागतो हेही दिसलं. जोर मारताना धाप का लागते, त्याचं उत्तर यात होतं. फक्त ही आग फुप्फुसात पेटते, असं लाव्हाझिएला वाटायचं. ती शरीरातल्या पेशीपेशीत आहे, हे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पक्कं झालं.

तरीही कोडं उरलंच. साखर पेटवली तर नुसती उष्णता सुटते, आणि उष्णतेनं डाव मारता येत नाही. शाहू महाराजांनी १९१२ मध्ये खासबाग मैदान बांधलं, तेव्हा तिथल्या मल्लाच्या मांडीला बळ पुरवणारा पदार्थ कोणता, हे जगात कुणालाच माहीत नव्हतं. तो सापडला १९२९ मध्ये : एटीपी, म्हणजे ॲडेनोसिन ट्रायफॉस्फेट. जर्मनीत लोमानला, आणि हार्वर्डमध्ये फिस्क व भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव यांना. सुब्बारावांचं नाव आपल्या पोरांना तोंडपाठ असायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

१९३७ मध्ये क्रेब्ज या शास्त्रज्ञानं कबुतराच्या छातीचा स्नायू बारीक करून त्यावर प्रयोग केले आणि अन्नाचे तुकडे पायरीपायरीनं मोडणारं चक्र मांडलं. पण त्यातून एटीपी बनतो कसा? १९६१ मध्ये पीटर मिचेल या ब्रिटिश शास्त्रज्ञानं सांगितलेलं उत्तर बरीच वर्षं कुणाला पटेना. राधानगरीच्या धरणात आधी पाणी अडतं, मग ते खाली सुटताना चक्र फिरवतं आणि वीज होते. पेशीतल्या तंतुकणिकेतही (मायटोकाँड्रियात) तसंच : अन्नातून सुटलेली शक्ती हायड्रोजनचे प्रभारित कण पडद्याच्या एका बाजूला कोंडते, आणि ते परत आत धावताना एक इवलंसं रेणूचक्र फिरतं. त्यातून एटीपी बनतो. १९७८ मध्ये मिचेलला नोबेल मिळालं.

शरीरात एका वेळी हा एटीपी फार तर शंभरेक ग्रॅम असतो. तो खर्ची पडतो, पुन्हा भरला जातो, पुन्हा खर्ची पडतो. दिवसभरातल्या या फेऱ्यांची बेरीज केली तर ती माणसाच्या स्वतःच्या वजनाच्या आसपास जाते. कट्ट्यावरचा तो पोरगा पेला ठेवून तालमीकडे चालू लागतो, तेव्हाही ही भर चालूच असते.