५०० जीबीच्या डिस्कवर १ टीबीची फाइल? डिस्क बिघडलेली नाही

नाशिकच्या सातपूर एमआयडीसीतल्या एका कारखान्यातून परवा पुन्हा तोच फोन आला: "५०० जीबीच्या डिस्कवर १ टीबीची फाइल दिसतेय, डिस्क गेली का?" डिस्क ठणठणीत आहे. फाइलचा आकार म्हणजे तिने अडवलेली जागा, हा वर्षानुवर्षं चालत आलेला समजच चुकीचा आहे.

ती फाइल व्हर्च्युअल मशीनची, म्हणजे संगणकाच्या आत सॉफ्टवेअरने चालवलेल्या आभासी संगणकाची, डिस्क होती. लिनक्सवर फाइलचा आकार दाखवणारी 'एलएस -एल' ही आज्ञा १ टीबी सांगत होती, प्रत्यक्ष अडवलेली जागा मोजणारी 'डीयू' फक्त ३८ जीबी. दोन्ही आकडे खरे. आकार मोठा, पण आतला बराच भाग अजून लिहिलेलाच नाही, अशा पोकळ फाइलला स्पार्स फाइल म्हणतात. ईएक्सटी४, एक्सएफएस यांसारख्या लिनक्सच्या फाइल सिस्टिम (डिस्कवर फाइल ठेवायच्या पद्धती) न लिहिलेल्या भागाला ब्लॉकच, म्हणजे डिस्कवरच्या जागेचे तुकडेच, देत नाहीत. तो भाग वाचायला गेलात तर नुसती शून्यं मिळतात. विंडोजच्या एनटीएफएसवरही हे जमतं, फक्त फाइलवर तशी खूण करावी लागते. तिथे प्रॉपर्टीजमध्ये 'साइज ऑन डिस्क' बघा.

जपायचं ते कॉपी करताना. एक्सफॅट ही फाइल सिस्टिम असलेल्या पेनड्राइव्हला पोकळी कळतच नाही, तिथे सगळी शून्यं खरोखर जागा खातात. लिनक्सवर कॉपी करणाऱ्या 'सीपी' आज्ञेला '--स्पार्स=ऑलवेज' द्या, 'आरसिंक'ला '--स्पार्स'. आणि कृपा करून डिस्कवर मोकळी जागा राखा: मशीन आत लिहीत जातं तशी पोकळी भरते, आणि डिस्क संपली की मशीन अर्ध्यात अडकतं.