नॉक्टुआ

लेपिडॉप्टेरा (पतंग व फुलपाखरे) गणातील नॉक्ट्युइडी या पतंगकुलाची नमुना प्रजाती, म्हणजे जिच्यावरून कुलाला नाव मिळाले ती. आपल्याकडची हरभऱ्यावरील घाटे अळी आणि मक्यावरील लष्करी अळी याच कुलातल्या. नॉक्टुआचा मूळ प्रसार मुख्यतः युरोप, उत्तर आफ्रिका व पश्चिम आशियात असून नॉ. प्रोनुबा ही जाती स्कँडिनेव्हियातही आढळते.

लॅटिनमध्ये नॉक्टुआ म्हणजे घुबड. पिंगळ्याच्या युरोपीय भाऊबंदाच्या शास्त्रीय नावातही हाच शब्द आहे. स्वीडिश वर्गीकरणशास्त्रज्ञ लिनीअस यांनी १७५८ मध्ये तो फॅलीना या पतंगांच्या अवाढव्य प्रजातीच्या सात विभागांपैकी एकासाठी वापरला. पुढे या पतंगांसाठी जर्मन कीटकशास्त्रज्ञ ओक्सेनहायमर यांचे ट्रायफीना (१८१६) हे नाव रूढ झाले व विसाव्या शतकातील ब्रिटिश ग्रंथांतही टिकले. ‘प्रोनुबा’ म्हणजे रोमन विवाहात वधूसोबत असणारी स्त्री. तिला करवली म्हणण्यापेक्षा पाठराखीण म्हणणे अधिक योग्य, कारण ती विवाहितच असे. हे नाव का निवडले, याविषयी तर्कच करावा लागतो. वधूच्या केशरी-पिवळ्या ओढणीशी मागच्या पंखांचे साम्य, हा एक तर्क. मात्र लिनीअस यांनी रंगीत मागचे पंख असलेल्या इतर पतंगांनाही स्पॉन्सा, नुप्टा अशी वधूवाचक नावे दिली आहेत. तेव्हा ही एक नाममालिकाच असावी, हे मत अधिक पटते.

प्रोनुबाचा पंखविस्तार सुमारे ५–६ सेंमी. असतो. पाचोळ्यात बसलेला पतंग वाळक्या पानासारखा तपकिरी दिसतो. डिवचला की काळ्या किनारीचे हळदी पंख क्षणभर झळकतात आणि पुन्हा पाचोळाच उरतो. नॉ. कोमेस या जातीत मागच्या पंखावर काळी चंद्रकोरही असते. प्रोनुबात ती नसते.

नॉ. जँथिना ही दीर्घकाळ एकच जाती मानली जाई. मेंट्झर, मोबेर्ग व फिबिगर यांनी १९९१ मध्ये तो तीन जातींचा समूह असल्याचे दाखवून जँथे व टेर्शिया वेगळ्या केल्या. त्याआधीच्या नोंदींतील ‘जँथिना’ म्हणूनच जपून वाचावी.

प्रोनुबाची अळी जाड, हिरवी किंवा तपकिरी. पाठीवर मागच्या बाजूला गडद रेघोट्यांच्या दोन ओळी. ती अळीरूपातच हिवाळा काढते, उबदार रात्री चरते आणि रोपे जमिनीलगत कुरतडते. कोष मातीत होतो.

पतंगाचे कान छातीच्या मागच्या भागात असतात. वटवाघळाचा आवाज जसा मोठा होतो, तसा प्रोनुबाचा कान अधिक उच्च कंप्रतेला जुळवून घेतो आणि आवाज थांबल्यावरही काही काळ तसाच सज्ज राहतो, असे २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत आढळले. इतक्या साध्या श्रवणेंद्रियाची ही करामत थक्क करणारी आहे.

कॅनडातील नोव्हा स्कोशियात प्रोनुबा १९७९ मध्ये प्रथम नोंदली गेली. तेथून ती उत्तर अमेरिकेत पॅसिफिक किनाऱ्यापर्यंत पसरली.