केनुकी आणि होनेनुकी: दिसायला चिमटे सारखेच, पण...

पार्लरमधला प्लकर आणि माशाचे काटे काढायचा चिमटा शेजारी ठेवले, तर फरक पटकन लक्षात येत नाही. जपानीत मात्र दोघांना वेगळी नावं आहेत. केस उपटतो तो केनुकी, काटे उपटतो तो होनेनुकी. ‘के’ म्हणजे केस, ‘होने’ म्हणजे हाड. माशाचा काटाही त्यांच्या लेखी हाडच. (एखाद्या विधेयकातला दम काढून घेतला, तर त्यालाही ते ‘होनेनुकी’च म्हणतात.)

पूर्वी हा भेद इतका काटेकोर नसावा. तोक्योत 1702 पासून चालत आलेलं ‘सासामाकी केनुकीसुशी’ नावाचं दुकान आहे. तिथली सुशी बांबूच्या पानात गुंडाळलेली असते आणि माशाचे काटे केनुकीने उपटायचे, म्हणून हे नाव पडलं असं सांगतात.

मग आपलाही प्लकर चालेल की! एकदा करून बघाच. सॅल्मनच्या एका फिलेत (मधल्या काट्यापासून सोडवलेल्या एका बाजूच्या सलग मांसात) साधारण 30 बारीक काटे रुतलेले असतात. प्लकरचं टोक निमुळतं, कारण त्याला एकच केस धरायचा असतो. ओल्या, बुळबुळीत काट्यावरून ते सटकतं. जोर लावला की काटा मध्येच तुटतो, अर्धा आतच राहतो, आणि तो शोधताना मांसाचा चिवडा होतो. होनेनुकीचं टोक रुंद आणि सपाट असतं, त्यामुळे काटा एका बिंदूवर न चेपता चांगला रुंद पकडीत येतो. पातीही जाड, सहज न वाकणारी.

पण नुसतं हत्यार चांगलं असून भागत नाही. काटे डोक्याच्या बाजूला कललेले असतात, म्हणून ओढायचं तेही तिकडेच, तिरकं. सरळ वर ओढलंत तर मांस फाटलंच. दुसऱ्या हाताच्या बोटांनी काट्याभोवतीचं मांस दाबून धरायचं. फिले पालथ्या वाडग्यावर पसरली की काट्यांची टोकं वर येतात. शेजारी पाण्याची वाटी हवीच, कारण निघालेला काटा चिमट्याला चिकटून बसतो. पाण्यात बुडवला की सुटतो.

आपल्याकडे सुरमईच्या आडव्या तुकड्या करतात आणि काटे ताटातच बोटांनी निघतात, म्हणून या हत्याराची कधी गरज पडली नाही. परदेशात फिले आणून कालवण करणाऱ्यांना मात्र ते घ्यावंसं वाटेल. पाला (हिल्सा) माशासाठी मात्र घेऊ नका. त्याचे फाटे फुटलेले असंख्य काटे होनेनुकीलाही आवरत नाहीत.

विकत घेताना चिमटा मिटून उजेडासमोर धरा. दोन्ही ओठ कडेपासून कडेपर्यंत टेकले पाहिजेत. मधून उजेडाची रेघ दिसली, तर तो केस उपटायलाही कामाचा नाही.