एकतीस घरांतले दाणे

२,१४,७४,८३,६४७. दोनशे चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस.

बुद्धिबळाच्या पटावरच्या दाण्यांची गोष्ट बहुतेकांनी ऐकलेली असते. पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असं दुप्पट करत जायचं. चौथी ओळ भरायला एकच घर उरतं, तेव्हा पटावर एकूण बरोबर इतके दाणे असतात. म्हणजे २ चा ३१ वा घात, वजा १.

हे दाणे सारखे वाटायला घ्या. तिघांत वाटले तर एक उरतो. सात जणांतही एक उरतो. ही मूळ संख्या आहे. एक आणि ती स्वतः सोडून तिला कशानंच निःशेष भाग जात नाही. फ्रान्सच्या मर्सेन या गणितज्ञानं १६४४ मध्ये तसं लिहून ठेवलं होतं, पण अशा मूळ संख्यांच्या त्याच्या यादीत पुढे चुकाही निघाल्या. सिद्धता दिली गणितज्ञ ऑयलरनं, १७७२ मध्ये, सेंट पीटर्सबर्गमध्ये. तेव्हा त्याची दृष्टी जवळजवळ गेलेली होती.

शाळेतल्या रीतीनं जायचं तर वर्गमूळापर्यंतच्या, म्हणजे ४६,३४० पर्यंतच्या, सगळ्या मूळ संख्यांनी भागून बघावं लागतं. त्या पावणेपाच हजारांहून जास्त आहेत. ऑयलरनं आधी विचार केला: हिला भाग जाणारच असेल, तर तो कसल्या संख्येनं जाईल? उत्तर निघालं की त्या मूळ संख्येला २४८ नं भागल्यावर बाकी १ किंवा ६३ च उरली पाहिजे. एवढ्या एका अटीनं उमेदवार उरतात ३७३, आणि त्यांतले बरेचसे मूळ नसल्यामुळे आपोआप गळतात.

स्वतः करून बघा, फार मजा येते. पहिला उमेदवार ६३, पण तो ७ गुणिले ९. मग २४९, तोही ३ गुणिले ८३. मग ३११. हा मूळ आहे, म्हणून भागाकार करायचा: ६९,०५,०९२ वेळा जातो आणि बाकी उरते ३५. पुढे ४९७ मध्ये ७ लपलेला, ५५९ मध्ये १३. असे एकेक बाद होत पुढची मूळ संख्या थेट १३०३ ला भेटते! आंधळेपणानं हजारो भागाकार करण्यापेक्षा आधी अट शोधणं, हे मला या सगळ्यातलं सर्वांत सुंदर वाटतं.

संगणक सगळं ० आणि १ मध्येच लिहितो, आणि अशी प्रत्येक जागा म्हणजे एक बिट. तिथे हीच संख्या म्हणजे ओळीनं एकतीस एकं. धन-ऋण चिन्हासाठी एक बिट राखून ठेवलं, की ३२ बिटांत मावणारी सर्वांत मोठी संख्या हीच. तिच्या मूळ असण्याशी याचा संबंध नाही. १६ बिटांची मर्यादा ३२,७६७ आहे आणि ती ७ × ३१ × १५१ अशी सरळ फुटते. पण कित्येक जुन्या यंत्रणा १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद ३२ बिटांतच मोजतात. १९ जानेवारी २०३८, मंगळवार, सकाळी भारतीय वेळेनुसार ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी ती मोजणी या संख्येवर येईल. त्यापुढच्या सेकंदाला, दुरुस्ती न झालेल्या यंत्रात, मोजणी ऋण होऊन डिसेंबर १९०१ उजाडेल.